उडदाभोवतीचे दगड

किशोरच्या मोटारसायकलवर मागे बसलं की झोप येते, असं त्याच्या कंपनीतली पोरं म्हणायची. काटा चाळिसाच्या वर जाणार नाही. पुढे शेळी दिसली तर ब्रेक, बैल दिसला तर हॉर्न, आणि नुसतं माणूस दिसलं तरी दोन्ही. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारी बाकीची पोरं किन्हवलीपासून सरळगावपर्यंत एकमेकांना कट मारत जायची आणि हा आपला त्यांच्या मागून, हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली आवळून, डाव्या कडेने. "तुझ्यापरीस बैलगाडी बरी," शेजारचा पंढरी त्याला चिडवायचा, "तिला मागनं कोण हॉर्न तरी देत नाय."

घाबरट म्हणा हवं तर, पण ही भीती काही आभाळातून पडली नव्हती. दोन पावसाळ्यांमागे किशोरच्याच शिफ्टचा एक जण घरी जाताना डंपरच्या मागच्या चाकाखाली आला. त्याच्याकडे हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. पोलीस दिसले की डोक्यात घालायचं, नाहीतर आरशाला, असा आपल्याकडचा हिशेब. त्या दिवशी पोलीस नव्हते. त्याला रस्त्यावरून उचलणाऱ्या चौघांत किशोर होता. तेव्हापासून घरातून कोणी गाडीवर बाहेर पडलं की ते परत येईपर्यंत किशोरच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि अशा माणसाच्या बायकोला मोटारसायकल शिकायची हुक्की यावी! रविना शहापूरला औषधांच्या दुकानात कामाला होती. रोज किशोर तिला रस्त्यापर्यंत सोडायचा, पुढे एसटी, आणि ती एसटी कधी येईल हे ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक नसे. शुक्रवारी किशोरच्या कंपनीला सुट्टी, म्हणजे गाडी अंगणात उभी. "गाडी घरात उभी आणि मी रस्त्यावर उभी, हा कुठला न्याय?" असं तिने एकदा विचारलं. शाळेच्या मैदानावर किशोरने तिला गाडी शिकवली, तिने लायसन काढलं, आणि दिवाळीनंतर शुक्रवारी गाडी तिची झाली.

तिला शिकवताना मात्र त्याने तिचं डोकं खाल्लं. वळणावर कोणाच्या पुढे जायचं नाही. चालवताना फोन वाजला तर वाजू द्यायचा, देव जरी पलीकडून बोलत असला तरी घ्यायचा नाही. समोरच्याने फुल लाईट डोळ्यांवर मारला तर त्याच्याकडे बघायचं नाही, आपली डावी कड बघायची आणि ती धरून चालायचं. शहापूरला पोचली की मिस्ड कॉल, तिथून निघताना फोन. रविना सगळ्याला हो म्हणायची आणि सासूला हळूच सांगायची, "आई, लग्नाच्या टायमाला भटानं एवढे मंत्र म्हटले नव्हते."

त्या शुक्रवारी सकाळी ती गेली. किशोर पडवीत फोन हातात घेऊन बसून राहिला. मिस्ड कॉल आला, तेव्हा कुठे त्याने चहा घेतला.

चहा घेतो न घेतो तोच बाईजा, त्याची आई, समोर येऊन उभी राहिली. उडीद वाळत घालायचा होता. यंदा दिवाळी झाली तरी पावसाने पाय काढला नव्हता, शेतातलं खळं अजून ओलं, त्यात शेंगा टाकल्या तर बुरशी धरणार. डांबरावर टाकल्या तर दोन उन्हांत कडकडीत. हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. त्या दिवसांत आमच्याकडचा रस्ता सरकारचा नसतो. ज्याच्या त्याच्या दारासमोर भात, नाचणी, उडीद पसरलेला असतो, अर्धा रस्ता धान्याला, अर्धा गाड्यांना, आणि मधे दगडांची कड, म्हणजे गाडी चुकून धान्यावर येऊ नये. गाडीवाल्यांनी शिव्या द्यायच्या आणि गावाने ऐकायच्या नाहीत, असं ते वर्षानुवर्षं चालतं.

बाईजाची जागा ओहोळावरच्या मोरीच्या पुढे होती. शहापूरकडून येताना एक वळण लागतं, वळणात मोरी, आणि वळण संपतं तिथे डाव्या हाताला ही जागा. सकाळपासून ऊन, सावलीचा टिपूस नाही. जागा एवढी नामी की पाड्यातल्या गंगीचाही तिच्यावर डोळा होता.

"काल पिकअपवाला दगड उडवून शेंगांवरनं गेला," बाईजा म्हणाली. "बारीक दगड काय कामाचे? तू जरा बांधावरचे मोठे आणून दे."

किशोरने आणून दिले. बांधावरचे धोंडे पोटाशी धरून, वाकत, धापा टाकत त्याने रस्त्यावर नेले आणि उडदाच्या तिन्ही कडांना ओळीने मांडले. खरं तर असल्याच दगडांना तो कंपनीत जाताना रोज शिव्या घालायचा. पण ते दुसऱ्यांचे. आपला दगड आपल्याला दगड वाटत नाही, कुंपण वाटतो. तरी शेवटचा धोंडा ठेवताना त्याला एकदा चुकचुकल्यासारखं झालं.

"संध्याकाळी अंधाराच्या आधी मी उचलायला येतो," तो म्हणाला.

"ये की," बाईजा म्हणाली.

दुपारी जेवून तो जरा लवंडला. आठवडाभराची सेकंड शिफ्ट अंगात साचलेली होती. त्याला जाग आली ती फोनने.

"निघाले हां," रविना म्हणाली.

"हेल्मेट?"

"डोक्यात हाय. पट्टी लावली. ब्रेक बघितला. आरसा पुसला. अजून काय?"

"काय नाय. सावकाश ये."

बाहेर ऊन उतरलं होतं. किशोरने तोंड धुतलं, म्हशीला पेंढा टाकला, चुलीवरचा उरलेला चहा गरम करून प्यायला. पडवीत उडदाची दोन पोती भिंतीला टेकून उभी होती. म्हणजे आई शेंगा भरून आली. त्याला बरं वाटलं. कार्तिकातला दिवस, बघता बघता अंधारायला लागलं. बाईजाने देवापाशी दिवा लावला. किशोर मनात गाडीबरोबर चालला होता. आता शहापूर सुटलं असेल. आता चढ. आता किन्हवलीच्या बाजारातली गर्दी, तिथे हळू, तिथे पोरं मधे येतात. इतकं सगळं त्याला आठवलं, आणि मग पोत्यांकडे बघता बघता त्याने सहज विचारलं, "आई, शेंगा भरल्यात त्या. दगडांचं काय केलंस?"

"दगडांचं काय करायचंय? हायेत तिथंच."

"रस्त्यावर?"

"मग काय डोक्यावर आणू? उद्या परत घालायचाय उडीद. दगड उचलले तर उजाडायच्या आत गंगी येऊन जागा धरंल. आणि तू निजलेला, मी म्हटलं निजू दे."

किशोर उभा राहिला. दिवसा तिथे उडीद असतो, काळा ढीग लांबून दिसतो, गाडीवाला आपोआप बाजूने जातो. आता उडीद नाही. काळ्या डांबरावर काळे दगड, वळण संपल्याबरोबर, आणि डाव्या कडेला.

"अगो, रविना येतेय!" तो ओरडला.

बाईजाला क्षणभर कळलं नाही. मग तिच्या हातातली काड्यापेटी खाली पडली.

किशोरने फोन लावला. रिंग गेली. एक, दुसरी, तिसरी. उचल, उचल, असं तो पुटपुटत होता, आणि तेवढ्यात त्याला आठवलं की ती उचलणार नाही. त्यानेच तिला तसं शिकवलं होतं. आणि समजा आज तिने उचलायला म्हणून एक हात सोडला, तर? त्याने घाईघाईने फोन कट केला. पंढरीला लावला, तर तो मुरबाडच्या बाजारात. घरात दुसरी गाडी नाही. जी होती तिच्यावरच ती येत होती.

तो धावत सुटला. "बॅटरी तरी घेऊन जा रे!" असं मागून बाईजा ओरडली, पण तो अंगण ओलांडून खाचरात उतरलासुद्धा होता.

पाड्यातून रस्त्याकडे जायची वाट लांबून वळसा घेऊन जाते. किशोर सरळ खाचरांतून निघाला. भात कापून झालेलं, खाली टोकदार धसकटं, मधेच ओल. बांधावरून उडी मारताना एक चप्पल चिखलात राहिली. ती काढायला तो थांबला नाही. समोर रस्ता नुसता एक काळी रेघ होता आणि त्या रेघेवरून दिवे जात होते. मुरबाडकडून एक टेम्पो आला आणि गेला. तो पलीकडच्या बाजूचा, त्याला काही होणार नव्हतं. मग एक मोटारसायकल, तीही पलीकडचीच. किशोर धावता धावता प्रत्येक दिव्याची बाजू बघत होता. देवा, तिची गाडी एसटीसारखी बंद पडू दे, पेट्रोल संपू दे, टायर पंक्चर होऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या गाडीचं वाईट चिंतत होता.

अजून दोन खाचरं उरली होती, तेव्हा शहापूरच्या बाजूला झाडांमागे एक दिवा दिसला. एकच दिवा, म्हणजे मोटारसायकल. आणि तो सावकाश येत होता. एवढ्या सावकाश त्या रस्त्यावर दोनच माणसं गाडी चालवायची, आणि त्यातला एक इथे शेतात धावत होता.

"रविना!" त्याने बोंब ठोकली. "रविनाऽ! थांब!"

हेल्मेटच्या आत कोणाला काय ऐकू जाणार? दिवा वळणात शिरला. त्याच वेळी मुरबाडकडून एक मोटार आली, फुल लाईट लावून. सगळा रस्ता पांढराफटक झाला. किशोरलाही क्षणभर दिसेनासं झालं. मोटार मोरीवरून पलीकडे निघून गेली, थांबलीही नाही.

मोठा आवाज झालाच नाही. पत्र्याचा डबा ओट्यावरून पडावा तेवढाच झाला. पण तो सरळ येणारा दिवा आता सरळ नव्हता. त्याचा उजेड वर आभाळात गेला होता आणि त्यात विजेच्या तारा दिसत होत्या.

पुढचं खाचर त्याने कसं पार केलं ते त्याला कधीच आठवलं नाही. तो रस्त्यावर चढला. गाडी गटाराच्या कडेला आडवी, मागचं चाक अजून फिरत होतं. आणि रस्त्याच्या कडेला डोक्यात हेल्मेट तसंच घेऊन रविना बसलेली होती.

बसलेली होती. किशोर तिच्यासमोर गुडघ्यांवर पडला.

"मान हलव," तो म्हणाला. "हळू. हळू हलव. हाताची बोटं दिसतात का? किती हायेत?"

"मान बरी हाय," तिचा आवाज हेल्मेटमधून आला. "हा हात बघा. हा उचलत नाय."

तिचं डावं मनगट सुजून चढत चाललं होतं. कोपर सोललेलं, गुडघ्यावर सलवार फाटलेली. हेल्मेटच्या डाव्या बाजूचा रंग खरवडून आतलं पांढरं दिसत होतं. किशोरने त्या जागेवर बोट लावलं आणि काढून घेतलं. ते आरशाला लटकवलेलं दुसरं हेल्मेट त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला रडूच फुटलं.

"अहो, रडताय काय? मेले नाय मी," रविना म्हणाली. तिने एका हाताने पट्टी चाचपली, पण एका हाताने ती सुटेना. किशोर पुढे झाला. त्याच्या हातून क्लिप दोनदा निसटली.

हेल्मेट निघालं आणि रविनाचं तोंड सुटलं. भीती उतरली की तिला राग चढायचा, तशी तिची जातच होती. "तुमी सांगितलंत तस्सं केलं मी! समोरचा मेला लाईट खाली करंना. मी त्याच्याकडं बघितलं नाय. डाव्या कडंला बघितलं, कड धरली, वेग कमी केला. आणि कडंलाच हा धोंडा! रस्ता काय बापाचा हाय? धान्य घालता ते घालता, निदान नेताना दगड तरी न्या! ज्यानं ठेवले ना, त्याचे हात झडोत! त्याच्या घरातलं माणूस असं पडंल तवा कळंल त्याला!"

किशोर त्याच हातांत हेल्मेट धरून बसला होता. आता सांगू, नंतर सांगू, दवाखान्यात पोचल्यावर सांगू. की सांगूच नको?

"कोणाचे हो हे दगड?" रविनाने विचारलं. "गंगीचे असणार. तिचाच डोळा ना या जागेवर?"

"गंगीचे नाय गो."

बाईजा वाटेने येऊन पोचली होती. तिचा ऊर भात्यासारखा चालला होता आणि बॅटरीचा झोत रस्त्यावर नाचत होता. झोत रविनाच्या हातावर आला, तसा बाईजाने तोंडावर पदर घेतला. "माझे हायेत. मीच ठेवले. उद्याच्या उडदाला जागा धरून ठेवली मी. तुला शिव्या घालायच्या त्या मला घाल."

सासूला शिव्या घालायची रविनाची तयारी नव्हती आणि दिलेल्या परत घेता येत नव्हत्या. ती नुसती त्या दगडांकडे बघत राहिली. मग तिने बरा पाय लांब केला आणि जवळच्या धोंड्याला टाच लावून रेटला. धोंडा हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला.

"आई," ती म्हणाली, "हा तुमच्यानं हलंल तरी का?"

बाईजाने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि मुरबाडच्या बाजूला बघू लागली.

रविनाची नजर किशोरवर आली. तिला आता काही विचारायचं उरलं नव्हतं. किशोर मान खाली घालून म्हणाला, "मी ठेवले. सकाळी. संध्याकाळी उचलणार होतो."

"मग?"

"झोप लागली."

आता फुटेल, असं त्याला वाटलं. तिने ओरडावं, हेल्मेट हिसकावून फेकावं, काय करायचं ते करावं, म्हणून तो वाट बघत होता. ती काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर फार बरं झालं असतं. इतक्या दिवसांचे त्याचे नियम, त्याचे मिस्ड कॉल, त्याचा तो न उतरणारा घास, सगळं तिच्या त्या गप्प बसण्यात त्याला खोटं वाटायला लागलं. तो खोटा नव्हता. त्याची भीतीही खरी होती. पण ती फक्त आपल्या माणसापुरती होती, आणि दगडाला आपलं माणूस ओळखता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती.

"चल," तो उठत म्हणाला. "रिक्षावाल्याला फोन लावतो. आधी दवाखाना. हाताचा फोटो काढायला लागंल."

"आधी हे उचला."

"अगो, तुझा हात..."

"हात सुजलाय, जीव नाय गेला," रविना म्हणाली. "माझ्या डोक्यात हेल्मेट होतं. मागनं येणाऱ्याच्या डोक्यात असंल का? उचला आधी."

किशोरने रिक्षावाल्याला फोन लावला आणि वाकून पहिला धोंडा उचलला. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असा तो रस्त्यावरून गटारापलीकडे जात होता, धोंडा टाकून परत येत होता. सकाळी हेच दगड आणताना त्याला एवढे जड लागले नव्हते. बाईजाही वाकायला लागली, तशी रविना म्हणाली, "तुमी नको आई. तुमी बॅटरी घेऊन वळणावर उभ्या राहा." बाईजा मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

निम्मे दगड निघाले असतील, तेव्हा वळणापलीकडून मोटारसायकलचा आवाज आला. जोरात येत होती. बाईजाने बॅटरी डोक्यावर धरली आणि दुसरा हात आडवा करून ती थेट रस्त्यात उतरली. करकचून ब्रेक लागला. गाडीवर एक पोरगा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, आणि तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं मूल. तिघांच्याही डोक्यात हेल्मेट नव्हतं.

"काय झालं गो म्हातारे?" पोरगा खेकसला. "मरायचंय का?"

"हळू जा रे बाबा," बाईजा म्हणाली. "पुढं आमचे दगड हायेत."

पोराने पुढे बघितलं. पडलेली गाडी बघितली, हात धरून बसलेली रविना बघितली, आणि तो काही न बोलता दोन्ही पाय जमिनीला घासत, गाडी जवळजवळ ढकलतच, पलीकडच्या अर्ध्या रस्त्याने निघाला. ते तिघे पार होईपर्यंत किशोर धोंडा पोटाशी धरून तसाच कडेला उभा राहिला.